उपकरणे : रुमाल एक, वडील एक

चंद्रप्पाला गावात कुणी हात देत नाही.

भांडण-बिंडण काही नाही, माणूस लई गोड आहे, दारावरनं जाणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, पण हात नाही. लग्नात भेटला तर लोक लांबनंच नमस्कार करतात, दोन्ही तळवे एकमेकांना असे घट्ट चिकटवून की मधनं वारा जाणार नाही. सरपंचानं एकदा पंधरा ऑगस्टला ओळीनं सगळ्यांशी शेकहॅण्ड केला आणि चंद्रप्पापाशी आला तसा हात खिशात घालून न वाजलेला मोबाइल उचलला. 'हॅलो हॅलो' करत तो पार झेंड्याच्या मागं गेला. कारण अख्ख्या गावाला माहिताय, चंद्रप्पाच्या हातात हात गेला की पोटातलं बाहेर येतं.

चंद्रप्पा बैलबाजारातला दलाल. अहमदपूरहून उदगीरकडं निघालं की हाळीचा बाजार लागतो, त्याच रस्त्यावर त्याचं गाव. आता या बाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो. तोंडानं बोललं की आजूबाजूचे दहा जण कान लावतात. मग दलाल खांद्यावरचा रुमाल काढतो, समोरच्याचा हात रुमालाखाली घेतो आणि बोटं बोलतात. वर दोघं पाऊसपाण्याचं, सोयऱ्याधायऱ्याचं बोलायलेत, आणि खाली बोटाबोटांत सौदा चाललाय. कोणतं बोट कसं दाबलं म्हणजे किती, ते दलाल मेला तरी घरात सांगत नाही. चंद्रप्पा बारा वर्षांचा असताना मामाबरोबर माळेगावच्या जत्रेला गेला, तिथं मामानं त्याचा हात पहिल्यांदा रुमालाखाली घेतला, आणि आज चव्वेचाळीस वर्षं झाली. आकडे शिकला ते शिकलाच, पण आकड्याच्या मागचं पण कळायला लागलं. हा माणूस अजून वर चढणार, हा इथंच थांबणार, याला बैल द्यायचाच नाही पण बायकोनं पाठवलंय. उजवा हात तो तान्ह्या लेकरासारखा जपतो. आंघोळीआधी खोबरेल लावतो, घागर उचलायची तर डाव्यानं, कुदळ तर बाबाच्या जन्मात नाही.

लग्नातली गोष्ट गौरम्मा अजून सांगते. स्वामींनी मंत्र म्हणत तिचा हात चंद्रप्पाच्या हातात दिला, अर्धा मिनिट, फार तर पाऊण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेव मिशी काढून हजर. तिला ती मिशी आवडली नव्हती हे तिनं जगात कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तेव्हापासनं तीस वर्षं गौरम्मा चहाचा कप स्टुलावर ठेवते आणि दोन पावलं मागं सरकते. माहेरी उदगीरला गुपचूप जाणारा तुपाचा डबा हा तिचा खाजगी विषय आहे.

यांची एकुलती एक लेक शिवकन्या. ही पोरगी लहानपणी शाळेतनं यायची तेच दोन्ही हात पाठीमागं बांधून, पोलिसांनी धरून आणल्यासारखी. डोकं हुशार, पण धीर नावाची गोष्ट नाही. मनात आलं की बोललं, बोललं की केलं, केलं की रडलं. बारावीनंतर लातूरला नीटच्या क्लासला टाकली. लातूरला काय, हवेतच बायोलॉजी असते, रिक्षावाला पण विचारतो बॉटनी झाली का. दोन वर्षं दिली, दोन्ही वर्षं राहिली. पहिल्यांदा मार्कांनी राहिली. दुसऱ्यांदा कशानं राहिली हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मग कुणीतरी म्हटलं मानसशास्त्र घे, त्यात बायोलॉजी नसते. बीएला खरंच फारशी नव्हती. एमएला लातूरच्याच एका कॉलेजात गेली, तर पहिल्याच सेमिस्टरला पेपर लागला 'वर्तनाचा जैविक आधार'. पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावर चेतापेशी. तीच, शेपटीवाली, जिला दोन वर्षं रंगवून रंगवून बोटं दुखली होती. शिवकन्या आधी रडली. मग तिला हसू आलं. मग तिनं पुस्तक वाचलं, आणि चक्क आवडलं, कारण या वेळी ती शेपटी कुणाची तरी होती. राग आला की मेंदूत हे पेटतं, भ्यायलं की ते, खोटं बोललं की तळहाताला जरासा घाम येतो आणि तो माणसाला विचारून येत नाही. चार पर्यायांतनं एक निवडायची भानगड नव्हती, माणूसच्या माणूस आतनं दिसत होता.

रूमवर तिच्यासोबत साक्षी होती, मुदखेडची. साक्षीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं की पप्पा काय करतात, आणि शिवकन्या पटकन बोलून गेली होती, पशुधन क्षेत्रात आहेत. साक्षीला वाटलं सरकारी डॉक्टर. वाटू दिलं.

तर त्या पेपराच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रयोग होता, पोरं त्याला घामाचा प्रयोग म्हणायची. एका माणसाला एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या द्यायच्या. त्यानं एक उचलायची, कुणाला दाखवायची नाही. मग त्याच्या बोटांना यंत्राच्या तारा लावून विचारायचं, एक आहे का, दोन आहे का, आणि त्यानं सगळ्याला नाही म्हणायचं. ज्या 'नाही'ला तो खोटं बोलतो तिथं हात घामेजतो आणि काटा उडतो. विभागात असं यंत्र एकच, आणि त्याचा काटा चाळीसवर बसला तो बसलाच. खरं बोला चाळीस, खोटं बोला चाळीस. प्रयोगशाळेतल्या शिवमूर्ती मामानं एकदा तारा टेबलाला लावून बघितल्या तर टेबलाचेपण चाळीस.

मग पोरं काय करायची, मामाच्या कपाटात एक जुनं जर्नल होतं, मोत्यासारख्या अक्षरातलं, ते आणायची आणि उतरवायची. त्यात ज्याच्यावर प्रयोग केला तो गडी एकवीस वर्षांचा, उंची मध्यम, स्वभाव शांत. गेली तेरा वर्षं तो एकवीसचाच होता. शिवकन्यानं पण उतरवलं. तिचा हात एकदा सुटला की सुटला, एका बैठकीत चाळीस पानं, आकृत्या, तक्ते, निष्कर्ष, आणि त्याच झपाट्यात मूळ पोराचं नाव, हजेरी नंबर, तेरा वर्षांपूर्वीची तारीख. सही पण त्याचीच मारली, वळणासकट. बाहेरचे परीक्षक सुदर्शन सर नांदेडहून आले होते. त्यांनी जर्नल बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि एकदम आदरानं विचारलं, "तुम्ही शिवशंकर का?"

नापास.

आता एकच संधी होती, महिनाभरानं फेरपरीक्षा. त्यात गेली तर वर्ष गेलं. घरच्यांनी काही म्हटलं नव्हतं, तिनंच म्हटलं होतं. नापासचा फोन करताना रागारागात एका श्वासात सांगून टाकलं होतं की अप्पा, या बारीला राहिले तर मी शिक्षण सोडते, घरी येते, मला परत विचारू नका. चंद्रप्पा नुसतं "हाव" म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर शिवकन्याला कळलं की आपण काय बोलून बसलो, पण बोललेलं माघारी घ्यायची तिला सवय नव्हती. आणि आता कुठं तिला अभ्यास आवडायला लागला होता, हे तर कुणाला सांगायची सोयच राहिली नाही.

सुट्टीत घरी गेली. अंगणात म्हैस, म्हशीपाशी चंद्रप्पा. जेवण झाल्यावर त्यानं सहज विचारलं, असा कुठला अवघड प्रयोग आहे बाई. तिनं सांगितलं. चिठ्ठ्या, तारा, घाम, काटा. चंद्रप्पा ऐकत गेला आणि त्याचं पोट हलायला लागलं. हसून हसून डोळ्याला पाणी आलं ते त्यानं खांद्यावरच्या रुमालानं पुसलं, मग त्या रुमालाकडं बघितलं, आणि झटकून पुढं धरला. "येवढ्यासाठी तारा लावायलेत व्हय? आण हात."

शिवकन्यानं दहा वर्षांत बापाला हात दिला नव्हता. पण तिचं काय, मनात आलं की केलं. कागदाचे पाच तुकडे केले, एक उचलला, हात रुमालाखाली घातला. चंद्रप्पा तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता. म्हशीकडं बघून म्हशीच्या चाऱ्याचं बोलत होता, मधनंच पुटपुटत होता, एक हाय का, दोन हाय का. ती नाही नाही करत गेली. "तीन," तो म्हणाला. तीनच होता. पुन्हा. "पाच." पाचच होता. सात वेळा केलं, सातही बरोबर. आठव्यांदा तिनं चिठ्ठी उचलली, हात दिला, तर त्यानं आकडा विचारलाच नाही. म्हशीकडं बघत हळूच म्हणाला, "दुसऱ्या बारीला नीटचा पेपर अर्धा सोडून उठलतीस, नव्हं?"

तिचा हात रुमालाखाली गारठला. हो म्हणायची पण गरज नव्हती.

"तुमाला कधी कळलं?"

"त्याच दिशी. स्टँडवर तुझी पिशवी घेतली तवा बोटाला बोट लागलं."

"मग बोलला का न्हाई इतकी वर्षं?"

"सौदा तुझा हुता," चंद्रप्पा म्हणाला. "मी कामून बोलू?"

शिवकन्या रडली ती अशी रडली की गौरम्मा पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तिनं नवऱ्याला धारेवर धरलं, तरी सांगत होते त्या माणसाला हात देऊ नको म्हणून. पण पोरगी रडता रडताच विचार करत होती, आणि रडणं संपायच्या आत तिचं ठरलं होतं. यंत्र सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाला माणसं गोळा करायची म्हटलं तर कुणी येईना. चंद्रप्पाला हात द्यायचा म्हणजे स्वतःहून पोलीस ठाण्यात जाण्यासारखं. मग शिवकन्यानं गावभर उठवून दिलं की अप्पाचं वय झालंय, आता त्यांना काही ओळखू येत नाही. तासाभरात अंगणात तेवीस माणसं. सरपंच सगळ्यात पुढं. तिनं दहा निवडली आणि आधीच कबूल केलं की अप्पा आकड्याशिवाय दुसरं काहीच बोलणार नाहीत. चंद्रप्पानं शब्द पाळला, फक्त सरपंचाचा हात सोडताना तो "अरे वा" म्हणाला, आणि सरपंच आठ दिवस झोपला नाही.

दहापैकी नऊ बरोबर. मग शिवकन्याला शंका आली की अप्पा तोंडं बघून ओळखत असतील, म्हणून डोळ्याला पट्टी बांधली. पुन्हा नऊ. मग ती म्हणाली आता घाम बंद करू, आणि बाजाराच्या कॅरीबॅगा आणल्या. एकेकाच्या हातात पिशवी घालून मनगटाला रबर लावलं, वरनं रुमाल. पुस्तकात लिहिलं होतं की घामावरनं कळतं. मग घाम पिशवीत अडकला तर अप्पाचं यंत्र बंद पडायला पाहिजे.

दहापैकी आठ.

शिवकन्या ओट्यावर बसली ती बसलीच. म्हणजे घाम नव्हताच. चंद्रप्पाला याचं काही विशेष वाटलं नाही. घाम तर उन्हानंबी येतो, त्याच्यावर कोण भाव ठरवील, असं त्याचं म्हणणं. मग कशावरनं कळतं, तिनं खोदून खोदून विचारलं. त्यानं बराच वेळ स्वतःच्या हाताकडं बघितलं, जणू तो पण पहिल्यांदाच विचारात पडला होता. खोटं बोलताना बोट जरासं आखडतं म्हणाला, ज्वारीच्या दाण्याएवढं, त्या माणसाला स्वतःला पण म्हाईत नसतंय. लातूरला परत जाताना एसटीत तिनं पुस्तक उघडलं आणि मागच्या बाजूला, परीक्षेला येत नाही म्हणून कुणीच न वाचलेल्या धड्यात, तिला तेच सापडलं. मनात गोष्ट आली की स्नायू माणसाच्या नकळत बारीकसा हलतो. तिला एवढा आनंद झाला की तिनं शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, आणि त्या बाईनं लगेच दोन्ही हात पदराखाली घेतले.

जर्नल तिनं एका दिवसात लिहिलं, या वेळी स्वतःच्या नावानं. उद्देश, गृहीतक, पद्धत. आणि 'उपकरणे' या मथळ्याखाली, जे खरं तेच लिहायचं असं ठरलेलं असल्यामुळं, लिहिलं : १) खांद्यावरचा सुती रुमाल, एक. २) वडील, एक, वय छप्पन्न, बैलबाजारातील दलाल, अनुभव चव्वेचाळीस वर्षे.

साक्षीनं ते वाचलं आणि पलंगावर उठून बसली. तुझे पप्पा पशुधन क्षेत्रात होते ना, तिनं विचारलं. हेच ते क्षेत्र, शिवकन्या म्हणाली आणि तिचे कान तापले. साक्षीनं जर्नल मिटलं. मग तिनं विचारलं काय, तर पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे, तुझे अप्पा येऊन आमच्या ह्यांचा हात एकदा धरतील का. शिवकन्याला वाटलं, चार महिने उगीच लपवलं आपण.

विभागप्रमुख उज्वला मॅडमनी मात्र उपकरणांपाशी चष्मा काढला. मॅडम प्रेमळ होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि समजावून सांगितलं की बाळा, मामाच्या कपाटातलं घे, फक्त नाव तेवढं स्वतःचं टाक, सगळे पास होतात तशी तूपण होशील. सुदर्शन सर कडक आहेत, ते तुला विचारतील उपकरण कुठंय, तर काय दाखवणार?

सोपं होतं. शिवकन्याला क्षणभर ते कपाट दिसलं पण. पण तिच्या तोंडाला तिच्या डोक्याची वाट बघायची सवयच नाही. "येतील की, मॅडम," ती म्हणून गेली.

"कोण येतील?"

"उपकरण."

परीक्षेच्या दिवशी चंद्रप्पा पहिल्या एसटीनं लातूरला आला. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे, खांद्यावर धुतलेला रुमाल. शिवमूर्ती मामानं त्याला नेऊन घामाच्या यंत्राशेजारी स्टुलावर बसवलं, कारण परीक्षेच्या आधी सगळी उपकरणं त्या टेबलापाशी मांडायची असा नियम होता. चंद्रप्पानं यंत्राच्या काट्याकडं बघितलं. हे कामून चाळीसवर बसलंय, त्यानं विचारलं. ते रिटायर झालंय, मामा म्हणाला.

सुदर्शन सर आले. माणूस उंच, बोलणं नांदेडकडचं, चेहरा असा की त्यावर काही वाचता येत नाही. फेरपरीक्षेला बसलेली बाकीची पोरं एकेक करून झाली. सगळ्यांचं उत्तर चाळीस, सगळ्यांचा गडी एकवीस वर्षांचा. सर सह्या करत गेले. मग शिवकन्याचं जर्नल आलं. उपकरणे वाचली. एकदा वाचली, परत वाचली, मग मान वर करून स्टुलाकडं बघितलं. चंद्रप्पानं लांबनं नमस्कार केला.

"हे काय करायलात तुम्ही?" सर म्हणाले. "हा विज्ञानाचा विभाग आहे का बैलबाजार?"

शिवकन्या काहीतरी सांगायला गेली, तेवढ्यात चंद्रप्पाच शांतपणे बोलला. "बाजारच समजा साहेब. पर माल बघितल्याबिगर जाऊ नका."

सरांनी पेन ठेवलं. पाच चिठ्ठ्या मी स्वतः करणार म्हणाले. पाठ फिरवून चिठ्ठ्या केल्या, घड्या घातल्या, त्यातली एक खिशात टाकली, बाह्या सारल्या आणि हात पुढं केला. रुमाल पडला. चंद्रप्पा खिडकीबाहेर बघत होता. नांदेडहून कधी निघालात, रस्ता कसा आहे, असं विचारत होता, आणि मधनं पुटपुटत होता, एक हाय का, दोन हाय का. सर प्रत्येकाला नाही म्हणत होते, दगडासारखे. पाच झाले. चंद्रप्पानं पुन्हा पहिल्यापासनं घेतलं. असं त्यानं गावात एकदाही केलं नव्हतं. शिवकन्याचे तळहात ओले झाले, उज्वला मॅडमनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

चंद्रप्पानं रुमाल काढला, चार पदरी घडी घातली, खांद्यावर टाकला. मग खाली बघून, सरांचा अपमान होऊ नये अशा बेतानं म्हणाला, "साहेब, तुमी गिऱ्हाईक न्हाईत."

उज्वला मॅडमनी शिवकन्याकडं बघितलं.

"बाजारात असे येतात," तो म्हणाला. "बैल घ्यायचाच नसतोय, नुसता भाव काढून बघायचा असतोय. बोट मोकळं असतंय त्यांचं. तुमच्या खिशात आकडाच न्हाई."

सरांनी खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर उलगडली. कोरी. टेबलावरच्या चारही उलगडल्या. कोऱ्या. एखादा आकडा सांगितला असता तर तुक्का आहे हे सिद्ध झालं असतं, एवढंच ते म्हणाले, आणि शिवकन्याकडं वळले.

मग पाऊण तास तिला पिळलं. कॅरीबॅग का घातली, पट्टी का बांधली, घाम नाही तर मग मेंदूतनं बोटापर्यंत निरोप येतो कसा, वाटेत कुठं कुठं थांबतो. शिवकन्या सांगत गेली, फळ्यावर आकृती काढली, शेपटीवाली चेतापेशी तिनं डोळे झाकून काढली असती. शेवटी सरांनी विचारलं, वडील नसतील तर हा प्रयोग दुसऱ्या कुणाला करता येईल का? तिनं तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच विचार करून बोलली. नाही येणार सर. सरांनी लाल पेन काढलं, 'वडील, एक' याच्यासमोर बारीक अक्षरात लिहिलं, 'प्रमाणीकरण झालेले नाही', आणि जर्नल मिटलं. चेहऱ्यावर काही नाही. पास का नापास, काही म्हणजे काही नाही. शिवकन्याला वाटलं, संपलं. घरी जायचं आता, म्हशीला चारा घालायचा.

व्हरांड्यात सर निरोप घ्यायला थांबले. मॅडमना नमस्कार केला, शिवमूर्ती मामाला मान हलवली, आणि मग चंद्रप्पासमोर येऊन त्यांनी हात पुढं केला. उजवा. नुसता. माहीत असताना.

चंद्रप्पा त्या हाताकडं बघतच राहिला. मग घाईघाईनं स्वतःचा हात रुमालाला पुसला आणि तो हात धरला, आणि धरला तो सोडेचना. साहेब, एकदा आमच्याकडं या, असं काहीतरी सुरू केलं. "आमचं गाव हितनं लई लांब न्हाई. वीस किलोमीटर आसंल... न्हाई न्हाई, तीस... चौतीस म्हना... थांबा, छत्तीस." आणि मग सोडला. शिवकन्याला लाजेनं मेल्यासारखं झालं, कारण गाव सत्तरच्या पुढं आहे आणि अप्पा त्या रस्त्यानं सकाळीच आले होते. सर मात्र गाडीकडं जाताना एकदा थांबले, स्वतःच्या हाताकडं बघितलं, आणि मागं न बघता गेले.

अहमदपूरच्या गाडीत चाकूर येईपर्यंत ती तिकिटाच्या घड्या घालत बसली. मग एकदम भडाभडा बोलली, की अप्पा माझं चुकलं, मी रागात बोलले होते सोडते म्हणून, मला सोडायचं नाही, मला हेच शिकायचंय, नापास झाले तरी परत बसायचंय.

"पास हायीस की," चंद्रप्पा म्हणाला.

"तुमाला काय म्हाईत?"

"त्या मानसानं आपल्या मनानं हात दिला. उगंच दिला का?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली आणि मग तिला किलोमीटर आठवले. वीस, तीस, चौतीस. तिनं गर्रकन मान वळवली. किती मार्क, तिनं विचारलं. चंद्रप्पा हसला, रुमाल काढला, तिचा हात खाली घेतला आणि बोटं दाबली. काही दाबली, थांबला, परत काही दाबली. म्हणजे किती? ते धंद्याचं हाय बाई, घरात सांगत नसतेत.

घरी पोचली तशी शिवकन्या चपला न काढता चुलीपाशी गेली आणि आईचा हात धरून बोटं दाबली, जशीच्या तशी, मधे थांबून. अव्वा, असं दाबलं म्हणजे काय गं?

"छत्तीस," गौरम्मा म्हणाली, भाकरी उलटत.

दारात चंद्रप्पाचा पाय उंबऱ्यावरच राहिला. चव्वेचाळीस वर्षं जपलेली गोष्ट या बाईला कशी कळली, हे त्याला विचारता पण येईना. गौरम्मानं त्याला फार वेळ टांगून ठेवलं नाही. "आवो, झोपंत बोटं दाबता माझी," ती म्हणाली, "आन् तोंडानं आकडा बोलता. तीस वर्षं ऐकायलेय मी."

महिन्याभरानं निकाल लागला. शिवकन्या मोबाइल घेऊन अंगणात आली. पास. प्रॅक्टिकलला पन्नासपैकी पस्तीस. तिनं वाचून दाखवलं, परत वाचून दाखवलं, आनंदानं एक चक्कर मारली, आणि मग बापासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, की अप्पा, तुम्ही तर छत्तीस सांगितले होते.

चंद्रप्पानं म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला. "एक दलालीत गेला," तो म्हणाला.